तापणारा आणि चुकणारा

दोष जेथे दिसतो तेथेच तो असतो, असे माणसाचे मन सहज धरून चालते. वर्गात जो मुलगा ओरडताना सापडतो तो दंगेखोर, घरात जिचा आवाज चढतो ती भांडकुदळ, कचेरीत ज्याच्या टेबलावर कागद अडतो तो कामचुकार. असा निवाडा करायला वेळ लागत नाही आणि करणाऱ्याला आपण न्याय केल्याचे समाधानही लाभते. परंतु दोष दिसण्याचे ठिकाण आणि दोष असण्याचे ठिकाण ही दोन वेगळी असू शकतील काय? आणि असतील, तर डोळ्यांसमोर तापलेल्या माणसाशी आपण कसे वागावे? प्रश्न नीतीचा आहे. पण त्याच्या विचारासाठी उदाहरण मात्र यंत्रांच्या जगातले घेऊ. यंत्राच्या बाबतीत राग, लोभ वा नात्याचा कैवार आडवा येत नाही आणि कारणांची साखळी शेवटच्या कडीपर्यंत तपासून पाहता येते.

ज्यांच्या घरी एके काळी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना आठवत असेल की बटण फिरविल्यावर आवाज यायला काही क्षण थांबावे लागे. आतील काचेच्या निर्वात नळ्या, म्हणजेच व्हॉल्व्ह, तापल्याशिवाय रेडिओ बोलत नसे. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि व्हॉल्व्ह बहुतेक घरांतून हद्दपार झाले. विजेची गिटार वाजविणाऱ्यांनी मात्र त्यांना सोडले नाही. व्हॉल्व्हच्या आवाजाची ऊब त्यांना अन्यत्र सापडत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९६३ साली ‘ट्विन रिव्हर्ब’ नावाचा ॲम्प्लिफायर बाजारात आणला. त्या काळातील ट्विन रिव्हर्ब आजही वादक जपून वापरतात. त्याच्या शेवटच्या टप्प्यात ‘६एल६जीसी’ जातीचे चार शक्तिशाली व्हॉल्व्ह असतात. गिटारच्या तारेचा क्षीण कंप मोठ्या सभागृहात ऐकू जाईल एवढा करण्याचे शेवटचे कष्ट या चौघांचे.

व्हॉल्व्हच्या आत मध्यभागी कॅथोड असतो. तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. भोवती धातूची प्लेट असते. तिच्यावर सुमारे ४५० व्होल्टचा धन दाब असल्यामुळे ती इलेक्ट्रॉनांना आपल्याकडे ओढून घेते. ही ओढ मोकळी सोडली तर प्रवाह आवरता येणार नाही. म्हणून कॅथोडशेजारी बारीक तारेची एक जाळी गुंडाळलेली असते आणि तिला सुमारे ५० व्होल्टचा ऋण दाब दिलेला असतो. हा ऋण दाब इलेक्ट्रॉनांना मागे रेटतो व प्रवाह मर्यादेत ठेवतो. या व्यवस्थेला ‘बायस’ म्हणतात. आपल्या भाषेत तिला लगाम म्हणता येईल. व्हॉल्व्हची ताकद प्लेटच्या ४५० व्होल्टांत आहे. पण त्याचे आयुष्य जाळीवरच्या त्या ५० व्होल्टांवर अवलंबून आहे.

थोडा हिशेब करून पाहू. गिटार वाजत नसतानाही प्रत्येक व्हॉल्व्हमधून, समजा, ३५ मिलीअँपिअर प्रवाह वाहतो. ४५० व्होल्टांशी त्याचा गुणाकार केला तर सुमारे १६ वॉट उष्णता होते. ६एल६जीसीची प्लेट जास्तीत जास्त ३० वॉट सोसू शकते आणि जाणते कारागीर विश्रांतीच्या वेळी तिच्यावर त्याच्या ७० टक्के, म्हणजे २१ वॉटांपेक्षा अधिक भार पडू देत नाहीत. आता लगाम सुटला आणि प्रवाह १५० मिलीअँपिअरपर्यंत चढला, तर तीच प्लेट ६७ वॉटांहून अधिक उष्णतेत सापडते. मग करड्या रंगाची ती प्लेट आधी मंद तांबूस आणि पुढे लालभडक होते. असाच वेळ गेला तर आतील तारा वितळतात, फ्यूज उडतो आणि नशीब वाईट असेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. जुन्या यंत्रातील तो मूळ ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळणे कठीण असते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. व्हॉल्व्हमधील प्रत्येक उजेड हा दोष नव्हे. मध्यभागी दिसणारा नारिंगी उजेड तापलेल्या तारेचा आहे. तो असलाच पाहिजे. काचेच्या आतील बाजूवर कधी निळसर आभा दिसते; तीही बहुधा निरुपद्रवी असते. प्लेटच लाल झाली तर मात्र ते संकट. ज्याला हा भेद कळत नाही तो चांगला व्हॉल्व्हही फेकून देईल. काही माणसांच्या स्वभावातच उत्साहाचा उजेड असतो आणि त्यालाच आपण ‘हा फार तापट’ असे नाव देऊन टाकतो.

प्लेट लाल दिसताच पहिले कर्तव्य एकच, यंत्र तत्काळ बंद करणे. चूक कोणाची, हा विचार त्यानंतर. हानी थांबविण्यासाठी निवाड्याची वाट पाहायची नसते, आणि हानी थांबविली म्हणजे निवाडा झाला असेही नाही. हे दोन्ही नियम आपण वारंवार मोडतो. कधी ‘आधी दोष ठरू द्या’ म्हणत एखाद्याला जळत ठेवतो. कधी एखाद्याला बाजूला बसवले म्हणजे प्रकरण मिटले असे समजतो.

यानंतर दोन सोपे मार्ग मोह घालतात. पहिला म्हणजे मागच्या बाजूला पंखा लावणे. पंख्याने काच थोडी थंड होईल. पण सुटलेला लगाम पंख्याच्या वाऱ्याने परत येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे लाल झालेला व्हॉल्व्ह काढून नवा बसविणे. हा मार्ग अधिक फसवा आहे, कारण नवा व्हॉल्व्ह काही काळ ठीक चालतो आणि दुरुस्ती झाली असे वाटते. मूळ कारण तसेच राहिले असेल तर तोही त्याच वाटेने जातो. आज हे व्हॉल्व्ह जगात मोजक्या देशांत बनतात, त्यांत रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन प्रमुख. २०२२ साली युक्रेन युद्धानंतर रशियातून होणारी त्यांची निर्यात काही काळ अडली होती. अशा वस्तूंचा एकामागून एक बळी देणे खिशालाही परवडणारे नाही. यंत्राचा मालक मात्र म्हणत राहतो, ‘हल्ली व्हॉल्व्हच चांगले येत नाहीत.’ आपणही ‘हल्लीची मुलेच अशी’ असे म्हणतो, तेव्हा किती नवे व्हॉल्व्ह आपण त्याच बिघडलेल्या जागी बसविले याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो.

जाणता कारागीर प्रथम मोजतो. चारांपैकी किती लाल झाले? चारही झाले असतील तर चौघे एकाच वेळी बिघडले असे मानणे शहाणपणाचे नाही. त्या चौघांना लगाम पुरविणारा स्रोत एकच असतो आणि संशय तेथे जातो. त्या स्रोतात एक छोटा कंडेन्सर असतो, तो दशकानुदशके पडून आतून सुकतो आणि ऋण दाब ढासळतो. एकाच बाजूचे दोन लाल झाले असतील, तर त्या बाजूला सूर पोहोचविणारा कंडेन्सर तपासावा. त्याचे काम सूर पुढे जाऊ देणे आणि मागच्या टप्प्यावरचा दोनशेहून अधिक व्होल्टांचा स्थिर दाब अडविणे. तो म्हातारपणी किंचित गळू लागला की धन दाब जाळीवर झिरपतो. गळती मिलीअँपिअरच्या दहाव्या भागाएवढी असली तरी जाळीच्या वाटेवरील २,२०,००० ओहमांच्या रोधावर सुमारे २२ व्होल्ट उभे राहतात आणि उणे ५० चा लगाम उणे २८ वर येतो. हा कंडेन्सर स्वतः तापत नाही, त्यावर डागही दिसत नाही. चूक त्याची आणि लाल होतो दुसराच. एकटाच व्हॉल्व्ह लाल झाला असेल तरच त्या एकाकडे पाहायचे, आणि तेही लगेच दोषी ठरवून नव्हे.

कारण येथे एक साधी, पण मोठ्या अर्थाची परीक्षा उपलब्ध आहे. यंत्र बंद करून व्हॉल्व्ह निवू द्यावेत आणि लाल झालेल्या व्हॉल्व्हची व दुसऱ्या बाजूच्या निरोगी व्हॉल्व्हची जागा बदलावी. मग यंत्र चालू करून नजर ठेवावी. लाली व्हॉल्व्हबरोबर नव्या जागी गेली तर दोष व्हॉल्व्हचा. लाली जुन्याच जागी राहिली आणि तेथे आलेला निरोगी व्हॉल्व्ह तापू लागला, तर दोष जागेचा. याहून सुरक्षित मार्ग म्हणजे चारही व्हॉल्व्ह काढून रिकाम्या सॉकेटांवर जाळीच्या टोकाशी मीटर लावणे. चारही ठिकाणी ऋण दाब सारखा मिळायला हवा. हा न्याय विलक्षण आहे: आरोपीला बाजूला ठेवून त्याच्या आसनाची चौकशी करायची.

माणसांच्या बाबतीतही ही परीक्षा एकदा अगदी अक्षरशः घडली आहे, तीही याच व्हॉल्व्हच्या युगात. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरल्यावर वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटविण्याऐवजी चाकेच वर घेत आणि विमान धावपट्टीवर पोटावर आदळे. अधिकाऱ्यांच्या लेखी ही वैमानिकाची चूक होती. आल्फॉन्स चॅपॅनिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये याचा शोध घेतला. सी-४७ विमानाच्या वैमानिकांकडून ही चूक होत नव्हती. माणसे सारखीच होती, बसण्याची जागा वेगळी होती. बी-१७ मध्ये चाकांची आणि फ्लॅपची कळ एकमेकींशेजारी असून आकाराने सारख्या होत्या. चॅपॅनिसने एका कळीला चाकाचा आणि दुसरीला पाचरीचा आकार दिला, म्हणजे अंधारातही हाताला फरक कळावा. एवढ्याने तो प्रकार थांबला. लाली व्हॉल्व्हची नव्हती, सॉकेटची होती.

आता एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळता येण्याजोगा नाही. प्रत्येक दोष जागेवर ढकलला तर व्यक्तीची जबाबदारी उरतेच कोठे? मद्यपी म्हणेल, मला घरच्यांनी बिघडविले. लाच घेणारा म्हणेल, खुर्चीच तशी. व्हॉल्व्हच्या परीक्षेचा प्रामाणिकपणा असा की तिचा निकाल आधी ठरलेला नसतो. ती कधी व्हॉल्व्हला निर्दोष सोडते, कधी दोषीही ठरविते. काचेच्या आत वायू शिरलेला असेल वा जाळीच इलेक्ट्रॉन फेकू लागली असेल, तर चांगल्यातल्या चांगल्या जागी तो व्हॉल्व्ह लाल होणारच. अशा व्हॉल्व्हला दया म्हणून जागेवर ठेवणे ही दया नव्हे. तो आपल्याबरोबर ट्रान्सफॉर्मरलाही नेईल. म्हणून ‘दोष नेहमी परिस्थितीचा’ हे म्हणणे ‘दोष नेहमी माणसाचा’ या म्हणण्याइतकेच आळशी आहे. दोन्हींत तपासणीचे कष्ट वाचतात.

लगामाचेही दोन प्रकार आहेत. ट्विन रिव्हर्बमध्ये तो बाहेरून पुरविला जातो. इंग्लंडच्या व्हॉक्स कंपनीच्या ‘एसी-३०’ या ॲम्प्लिफायरमध्ये चार ‘ईएल८४’ व्हॉल्व्ह असतात आणि त्यांचा लगाम त्यांच्याच प्रवाहातून तयार होतो. कॅथोडच्या वाटेवर एक रोध असतो. प्रवाह वाढला की त्या रोधावरचा दाब वाढतो आणि तो दाबच प्रवाहाला मागे खेचतो. याला आत्मसंयम म्हणता येईल. पण हा संयमही रोध योग्य किमतीचा असेल तोवरच. शिवाय हे यंत्र मुळातच व्हॉल्व्हना त्यांच्या मर्यादेजवळ राबविते आणि त्यामुळे तापण्यासाठी प्रसिद्ध आहे. संयमी माणसावर किती भार टाकावा यालाही सीमा असते. ‘ती सोशीक आहे, चालवून घेईल’ असे ज्या घरात म्हटले जाते, तेथे हे लक्षात ठेवावे.

सर्वांत कमी तपासली जाते ती मालकाची अपेक्षा. लगाम थोडा ढिला ठेवला की आवाज अधिक भरदार लागतो असे कित्येक वादक मानतात आणि कारागिराला तसे करायला सांगतात. आवाजाचे सुख मालकाला, उष्णता व्हॉल्व्हला. दुसरी गोष्ट अशी की साठच्या दशकातील ही अमेरिकन यंत्रे ११७ व्होल्टांच्या घरगुती विजेसाठी आखलेली होती. आज तेथे भिंतीतून १२० वा अधिक व्होल्ट येतात. त्यामुळे आतील सगळे दाब त्याच प्रमाणात चढतात. यंत्र बदलले नाही, त्याच्याभोवतीचे जग अधिक जोराने रेटू लागले. दोन पिढ्यांपूर्वीच्या आखणीवर आजचा दाब टाकून ‘हा पूर्वी तर असा नव्हता’ असे आपण माणसांविषयीही म्हणतोच.

या साऱ्यात मला सर्वांत अवघड वाटणारी बाब वेगळीच आहे. कंडेन्सर गळत होता हे सिद्ध झाले, व्हॉल्व्ह निर्दोष ठरला. म्हणून त्याला तसाच परत बसवावा काय? नाही. दुसऱ्याच्या चुकीने का होईना, तो लाल झाला होता. त्या उष्णतेत धातूतून वायू सुटला असेल, आतील तार वाकली असेल. त्याची स्वतंत्र तपासणी झाल्याशिवाय तो कामावर येऊ शकत नाही, आणि कधी कधी येऊच शकत नाही. निर्दोष असणे आणि इजा न होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खोटा आळ आलेल्या माणसाला ‘तुझी चूक नव्हती हे आता सर्वांना कळले’ असे सांगून आपण मोकळे होतो, तेव्हा हा भेद विसरतो. आळ फिटला तरी भाजलेले भाजलेलेच असते. त्याला न्यायाच्या पाठोपाठ शुश्रूषा लागते, वेळ लागतो, आणि जेथे तो भाजला त्याच जागी परत न जाण्याची मोकळीकही कधी लागते. जो निर्दोष ठरवितो त्याची जबाबदारी निकालापाशी संपत नाही.

उपमेला मर्यादा असतात. व्हॉल्व्हला इच्छा नसते, माणसाला असते. व्हॉल्व्हची जागा हाताने बदलता येते. सासू-सुनेची, शिक्षक-विद्यार्थ्याची, धनी-गड्याची बदलता येत नाही. तेथे ही अदलाबदल मनातच करून पाहावी लागते. त्याच्या जागी मी असतो, तेवढीच झोप, तेवढाच पगार, तेवढीच टोचणी मला मिळाली असती, तर मी लाल झालो नसतो काय? याचे उत्तर कधी ‘झालो असतो’ असे येईल, कधी ‘तरीही झालो नसतो’ असे येईल. दोन्ही उत्तरांना मन मोकळे ठेवून प्रश्न विचारणे हेच नैतिक कर्तव्य. उत्तर आधीच ठरवून विचारलेला प्रश्न म्हणजे चौकशीचे सोंग.

यंत्र उघडण्यापूर्वी कारागीर आणखी एक पथ्य पाळतो, ते जिवाशी संबंधित आहे. विजेचा प्लग काढल्यानंतरही आतील मोठ्या कंडेन्सरांत शेकडो व्होल्ट साठून राहतात आणि त्यांचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. म्हणून तो साठा रोधामधून संथपणे उतरवून, मीटरवर शून्य आले आहे हे पाहिल्याशिवाय तो आत हात घालीत नाही. हे काम शिकलेल्या माणसानेच करावे, हेही येथे सांगणे आवश्यक आहे. भांडण मिटल्यावर लगेच ‘आता सांग, काय झाले होते?’ असे विचारणाऱ्याने हे पथ्य ध्यानात घ्यावे. आवाज बंद झाला म्हणून आतला दाब उतरलेला नसतो.

दुरुस्ती झाल्यावर नीट काम करणारा कारागीर यंत्र लगेच मालकाच्या हाती देत नाही. प्रत्येक व्हॉल्व्हच्या कॅथोडच्या वाटेवर एक ओहमचा रोध घालून तो प्रवाह मोजतो. तेथे जितके मिलीव्होल्ट दिसतील तितके मिलीअँपिअर. मग खोलीतील दिवा मालवून तो तासभर यंत्र चालू ठेवतो, कारण प्लेटची पहिली मंद लाली उजेडात दिसत नाही, अंधारातच दिसते. त्या तासात त्याला करण्यासारखे काही नसते, फक्त जवळ बसून पाहायचे असते. आपल्या घरांत आणि धर्मग्रामांत तापलेल्या माणसांविषयी निर्णय घेणारे पुष्कळ आहेत. निर्णय झाल्यानंतर असा तासभर जवळ बसणारे थोडे असतात, आणि दुरुस्ती खरोखर झाली की नाही हे कळते ते त्यांनाच.